पद्मिनीचे इंजिन

चिखलदऱ्याला हवा खायला येणारा मनुष्य आणि चिखलदऱ्याला कायमचा राहणारा मनुष्य यांच्यात एक ढळढळीत फरक आहे. पाहुणा गाडीतून उतरल्याबरोबर दरीकडे पाहतो. इथला मनुष्य उतरल्याबरोबर बॉनेटकडे पाहतो. पाहुण्याला धुके दिसते आणि त्याचे मन प्रसन्न होते. आम्हांलाही तसेच काहीतरी पांढरे दिसते. पण ते धुके आहे की रेडिएटरची वाफ आहे, याचा निकाल लागेपर्यंत प्रसन्न होण्याची आमची तयारी नसते.

यात आमच्या रसिकतेचा दोष नाही. दोष असलाच तर तो सातपुड्याचा आहे. परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरांच्या आसपास आणि चिखलदरा १,१०० मीटरांच्याही वर. मधले अंतर तीसेक किलोमीटरांचे. धामणगाव गढी मागे पडली की रस्ता डोके वर काढतो आणि मोथ्याच्या गवळ्यांची घरे दिसेपर्यंत ते खाली घालत नाही. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून हा कीचकदरा आणि त्याचाच पुढे चिखलदरा झाला, अशी आमच्याकडची समजूत आहे. मला नेहमी वाटते, कीचकाला खाली टाकणे भीमाला सोपे गेले असेल. त्याला परतवाड्याहून वर आणायचे असते तर महाभारताचे एक पर्व सहज वाढले असते.

त्यातून उंचीची आणखी एक खोडी आहे. आमच्या उंचीवर हवा सपाटीपेक्षा साधारण दहाव्या हिश्श्याने विरळ. जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल पूर्वीच्याच मापाने देत राहतो, आणि त्याबरोबर जाणारी हवा मात्र कमी भरते. जेवण तेवढेच राहून श्वास अपुरा पडणाऱ्या माणसासारखी गाडीची अवस्था होते. उघड्या भांड्यातले पाणीही इथे शंभर अंशांची वाट न पाहता ९६ अंशांच्या सुमारासच उकळते. म्हणजे जिथे इंजिनाने सर्वांत जास्त काम करायचे, तिथेच त्याचे बळ कमी आणि ताप अधिक. आताच्या गाड्यांना याचे फारसे काही वाटत नाही. त्यांच्या पोटात हवेचे मोजमाप ठेवणारी यंत्रे असतात. पण आमची मोटार आताची नाही. ती १९८६ सालची पद्मिनी आहे.

ही पद्मिनी माझ्या वडिलांनी १९९१ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली. ते परतवाड्याला एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. मेळघाटातले सागवान तिथे उतरे, त्याच्या नोंदी ते ठेवीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या लाकडाचे घनफूट मोजणाऱ्या माणसाने स्वतःसाठी घेतलेली एवढी एकच मोठी वस्तू. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही नजर अधूच राहिली. पण कान मात्र वखारीतल्या दिवसांइतकेच तीक्ष्ण आहेत. गाडी मोथ्याच्या वळणावर असतानाच ते घरात सांगत, “आला पाहा तो. आन दुसऱ्या गेरात आला.”

पद्मिनीचा वंश मोठा आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना काढला. पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन तिथे फियाट अकराशे तयार होऊ लागली. १९६४ पासूनची ‘डिलाइट’ पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांना आठवत असेल. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिची निर्मिती थांबली. पण तिचे इंजिन तिच्याहूनही जुने. दान्ते जाकोसा नावाच्या इटालियन अभियंत्याने घडवलेल्या १९३७ च्या फियाटमध्ये जे १,०८९ घन सेंटिमीटरांचे इंजिन होते, त्याचाच हा वंशज. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनाची धाव ७५ मिलिमीटर. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधी ठरलेली ही मापे विसावे शतक संपेपर्यंत कुर्ल्यात ओतली जात होती. माझी कोणतीही कादंबरी दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोहोचलेली नाही. त्यामुळे या दीर्घायुष्याविषयी मला आदर वाटतो.

गेल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, या इंजिनाने मान टाकली. गाडी सलोन्याच्या वर चढत असताना पाण्याचा काटा वर गेला. थांबून, थंड करून, कसेबसे घर गाठले. दुसऱ्या दिवशी तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेलाचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. मोटारीच्या जगात हा रंग अशुभ समजतात. तेलात पाणी शिरले, असा त्याचा अर्थ.

परतवाड्याच्या मिस्त्रींनी दोरी लावून गाडी खाली नेली, वरचे हेड उतरवले आणि रॉकेलचा बोळा दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधून फिरवला. पुसलेल्या लोखंडावर केसासारखी एक काळी रेघ उरली. ती पुन्हा पुसली. ती पुन्हा दिसली.

“ब्लॉक गेला, गुरुजी,” मिस्त्री म्हणाले. “कोनाचा दोष नाई. आतून पान्यानं खाल्लं. चाळीस वर्सं होत आली त्याले.”

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, तडा सांधण्याची. ओतीव लोखंड सांधता येते. परंतु ते सांधकाम आमच्या घाटात किती दिवस टिकेल, याची हमी देणारा भेटत नाही. दुसरी वाट दुसऱ्या जातीचे इंजिन बसवण्याची. पद्मिनीच्या पोटात डिझेलचे इंजिन घातलेले मी पाहिले आहे. खुद्द कारखान्यानेही नव्वदच्या दशकात डिझेलची पद्मिनी काढली होती. पण जड इंजिन आले की पुढच्या स्प्रिंगा दबतात, इंजिनाच्या बैठका नव्याने कराव्या लागतात, गिअरबॉक्सचे जुळवून घ्यावे लागते आणि परिवहन कार्यालयाची आधी मंजुरी लागते. माझ्या पत्नीने चौथी वाट सुचवली होती. ती म्हणजे हे सगळे विकून टाकणे. “घरात म्हातारं मानूस आहे. रात्री-बेरात्री खाली न्यायची वेळ आली तर भरवशाची गाडी पाहिजे,” असे तिचे म्हणणे होते आणि त्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते. मी दिवाळीच्या सुट्टीपुरती मुदत मागून घेतली. तेवढ्या दिवसांत घाट चढण्याच्या लायकीचे इंजिन उभे राहिले नाही तर गाडी विकायची, असे ठरले.

उरली ती तिसरी वाट. त्याच जातीचे, जुने इंजिन आणायचे आणि ते पुन्हा बांधायचे.

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस वयोमर्यादा गाठून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. परंतु मोटार जिथे संपते तिथे भंगाराचा व्यापारी सुरू होतो. मिस्त्रींच्या ओळखीने कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचे इंजिन, नोंद रद्द झाल्याच्या कागदासह, मालट्रकने परतवाड्याला आले. ज्या कुर्ल्यात ते जन्मले, त्याच कुर्ल्याच्या भंगारातून उठून त्याला सातपुडा चढायचा होता.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो.

मिस्त्रींच्या हाताखाली एक पोरगा आहे. मोथ्यापलीकडच्या एका पाड्यावरचा, कोरकू. तो आमच्या शाळेत नववीपर्यंत होता. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर मी जे शिकलो ते रेषा काढायला; त्यामुळे गणित-विज्ञानाच्या मास्तरांप्रमाणे मुलांच्या भवितव्याची चिंता वाहण्याचा मान मला कधी मिळाला नाही. हा पोरगा माझ्या तासाला मागच्या बाकावर बसे आणि वही कोरी परत देई. पुढे तो शाळेतून गेला. मेळघाटात मुले शाळेतून जातात ती पावसासारखी जातात. नेमकी कधी गेली ते सांगता येत नाही, गेल्यावर लक्षात येते. आता चार वर्षांनी तो माझ्यासमोर, कोपरापर्यंत काळा, हातात पाना घेऊन उभा होता.

“ओळखलं का, गुरुजी?”

ओळखले होते. पण तो जे करीत होता त्यातले मला काहीच ओळखीचे नव्हते.

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी परतवाड्याला मावसबहिणीकडे मुक्काम टाकला. रोज सकाळी गॅरेजात जाऊन बसे. दोन्ही इंजिने शेजारी शेजारी ठेवली होती आणि मिस्त्री एकेक भाग सोडवीत होते. मी वही घेऊन बसलो. जो भाग निघेल त्याचे चित्र काढायचे, त्याला क्रमांक द्यायचा, आणि तो कोणत्या इंजिनाचा ते लिहायचे. हा उद्योग मी आपणहून अंगावर घेतला. कारण हातावर हात ठेवून बसणे मला जमत नाही आणि पाना हातात धरणे मिस्त्री मला जमू देत नव्हते.

दोन इंजिनांची तुलना ही मोठी बोधप्रद गोष्ट ठरली. मुंबईचे इंजिन नैसर्गिक वायूवर चाललेले. हे इंधन कोरडे. त्यामुळे त्याच्या हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठका खोल गेल्या होत्या. उलट त्याचे सिलिंडर अजून चांगले होते. कारण पेट्रोल जसे सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते, तसे वायू नेत नाही. आमच्या इंजिनाचा ब्लॉक फुटलेला. पण अॅल्युमिनियमचे हेड वाकलेले नव्हते आणि क्रँक तीन वर्षांपूर्वीच घासून घेतलेला. म्हणजे एकाचे डोके बरे आणि दुसऱ्याचे धड. मिस्त्रींनी निर्णय दिला : ब्लॉक मुंबईचा, हेड, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड घरचे.

“मेन बेअरिंगच्या टोप्या?” मी विचारले. क्रँकला तीन ठिकाणी वरून धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी कमानी आमच्या इंजिनाच्या अधिक स्वच्छ दिसत होत्या.

मिस्त्री काही बोलण्याआधीच तो पोरगा म्हणाला, “टोपी नाई बदलत, गुरुजी. ब्लॉकले बसवूनच त्याचं भोक मारलं राह्यते. ज्याची टोपी त्यालेच. आन ज्या बाजूनं निंगाली त्याच बाजूनं.”

मग त्याने माझ्या वहीकडे पाहिले. मी तीन टोप्यांची चित्रे काढून खाली एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. त्याने हात पँटला पुसले, माझ्या बोटांतून पेन्सिल घेतली आणि प्रत्येक टोपीवर एकेक लहान बाण काढला. तिन्ही बाण एकाच दिशेला, रेडिएटरकडे. एवढे करून पेन्सिल परत दिली आणि तो कामाला लागला.

ते बाण मी बराच वेळ पाहत बसलो. चित्रकलेच्या भाषेत बोलायचे तर रेघ निश्चयी होती. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला कारण होते. शाळेत आम्ही कलश काढायला सांगतो, फुलदाणी काढायला सांगतो. फुलदाणी कोणत्याही बाजूने ठेवली तरी काही बिघडत नाही. इथे बाण उलटा पडला तर क्रँक फिरणार नाही. ज्या रेघेवाचून काही अडते अशी रेघ त्या मुलाला आम्ही कधी मागितलीच नव्हती.

त्या दिवसापासून वही दोघांची झाली. मी चित्र काढी, तो बाण घाली. कुठे खूण, कुठे एखादा आकडा. वीसेक दिवसांत एकेचाळीस पाने भरली.

ब्लॉक अमरावतीला लेथवर गेला. सिलिंडर एक पायरी मोठे करून त्यांच्या भिंतींवर तिरप्या-उलट्या बारीक रेघा उमटवून आणल्या. आरशासारखी गुळगुळीत भिंत चालत नाही, हे मला नवे होते. त्या रेघांत तेल धरून राहते आणि त्यावर रिंगा बसतात. नवे पिस्टन आले. प्रत्येक रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट पातळ पट्टीने मोजायची. फट कमी तर तापल्यावर टोके भिडून रिंग मोडणार. जास्त तर दाब निसटणार. व्हॉल्व्ह लेप लावून त्यांच्या बैठकीवर घासायचे, हेड उलटे करून वाटीत रॉकेल ओतायचे आणि सकाळपर्यंत पाझरते का ते पाहायचे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही; म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलला.

क्रँक बसवण्याचा दिवस मला विसरता येत नाही. मिस्त्रींचा हात अलीकडे कापतो. त्यांनी बेअरिंगे मांडून दिली आणि ते स्टुलावर जाऊन बसले. पोरग्याने एक टोपी आवळली; क्रँक हाताने फिरवून पाहिला. दुसरी आवळली, फिरवला. तिसरी आवळली. क्रँक सावकाश, जड तेलातून फिरतो तसा फिरला आणि कुठेही न अडखळता थांबला. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. ते हातांनी नव्हे, कानांनी पाहत होते. “हां,” एवढेच म्हणाले.

दुपारी चहा घेताना मी त्यांना मनात बरेच दिवस घोळणारी गोष्ट विचारली. पद्मिनी किती उरल्या? परतवाड्यात बोटांवर मोजण्याइतक्या. मग त्या पोराला हे सगळे शिकवून उपयोग काय? त्याच्या आयुष्यात हे इंजिन पुन्हा कितीदा उघडणार?

प्रश्न मिस्त्रींना होता. पण मी तो स्वतःलाही विचारीत होतो. ज्या मुलांना पुढे आयुष्यात ब्रश धरायचा नाही त्यांना वीस वर्षे मी रंगसंगती शिकवीत आलो आहे.

मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला. “इंजिन जुनं आहे, गुरुजी,” ते म्हणाले. “माप थोडीच जुनं होते? पट्टी फटीत घातली का बोटाले कयते, ढिली का दाट. ते एकदा बोटाले कयलं म्हनजे मंग त्याले कोन्तंही इंजिन द्या. आता ह्या पद्मिनीत शिकलो म्हनून का मी बाकी गाड्या नाई खोलल्या?”

याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले, “तरी पन तुमचं खरं आहे. हे असं इंजिन बांधनारा तो शेवटचाच.” आणि मग दोघेही गप्प बसलो.

ब्लॉक बदलला म्हणजे इंजिनाचा क्रमांक बदलला. नोंदणीपुस्तकात तो क्रमांक असतो; तो परिवहन कार्यालयातून बदलून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. अर्ज भरताना मनात विचार आला : मग ही गाडी बाबांचीच का? आमच्या अचलपूरच्या शकुंतला रेल्वेचे इंजिनही असेच बदलले होते. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून त्या अरुंद रुळांवर धावले आणि १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेलचे आले. गावकऱ्यांनी तिला शकुंतलाच म्हटले. नाव डब्यांना होते की रुळांना, की वाट पाहणाऱ्या माणसांना, कोण जाणे.

फुटलेला ब्लॉक घरी आणून ओसरीवर ठेवावा, असे मला वाटत होते. लेखकाला अशा वस्तूंची हौस असते. बाबांना विचारले, तर ते चिडले. “काहून? इंजिन का पूजेले ठेवतेत? लोखंड आहे, मिस्त्रीले दे. वितवीन, कायतरी दुसरं होईन.” वखारीत उभे आयुष्य गेलेला माणूस. झाड पडले की त्याचे दार होते, पलंग होतो, तिरडीही होते. पडलेल्या झाडाला पूजत बसत नाहीत, हे ते जन्मभर पाहत आले होते. मी ब्लॉक मिस्त्रींना दिला.

इंजिन साखळी-कप्पीने उचलून जागेवर बसवले, तेव्हा सुट्टीचे दोनच दिवस राहिले होते. टॅपेट लावण्याचे काम पोरग्याकडे होते. या चार सिलिंडरांत ठिणगी एक, तीन, चार, दोन या क्रमाने पडते. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम डोलू लागले की पहिल्याचे टॅपेट लावायचे, तिसऱ्याचे डोलले की दुसऱ्याचे. मी वहीत हे लिहून घेत होतो तर तो हसून म्हणाला, “येवढं नाई लिहा लागत, गुरुजी. दोन्हीची बेरीज पाच आली पायजे. येक आन चार. दोन आन तीन.” गणितात नापास होऊन शाळेतून गेलेला मुलगा तो.

प्लग काढून ठेवून स्टार्टरने इंजिन नुसतेच फिरवले, तेलाचा दाब आला. प्लग बसवले. तिसऱ्या खेपेला ते पेटले. आधी अडखळले, निळसर धूर सोडला, आणि मग चारही सिलिंडर एका सुरात आले. पोरगा डिस्ट्रिब्युटर केसाएवढा इकडे-तिकडे फिरवीत होता आणि मिस्त्री स्टुलावरून नुसती मान हलवीत होते : जास्त, कमी, हां.

परंतु त्याच दिवशी घाट चढायला परवानगी नव्हती. नव्याने बांधलेल्या इंजिनावर पहिले काही शे किलोमीटर भार टाकायचा नसतो. रिंगांना आणि भिंतींना एकमेकांची ओळख व्हावी लागते. पाचशे किलोमीटर सपाटीवर, हलक्या पायाने, आणि मग तेल बदलून घाट, असा मिस्त्रींचा हुकूम झाला. नंतरचे काही रविवार मी बाबांना एस.टी.ने खाली आणून पद्मिनीतून वऱ्हाडच्या सपाटीवर हिंडवले. अंजनगाव सुर्जी, चांदूर बाजार, मोर्शी. संत्र्यांच्या बागा, वेचणीला आलेला कापूस. डिसेंबरच्या अखेरीस बहिरमची यात्रा भरली होती, तिथेही गेलो. बाबांना दिसत फार थोडे. पण ते खिडकीची काच खाली करून बसत आणि मी ज्यांच्यावरून पुढे जाई ती गावे ओळखीत. इथे अमक्याची वखार होती, इथून बैलगाड्या येत.

पहिल्या रविवारी त्यांनी बराच वेळ इंजिन ऐकले आणि म्हणाले, “हा आपला नाई.” माझ्या पोटात कालवले. चौथ्या रविवारी मी मुद्दाम विचारले, कसे वाटते? ते म्हणाले, “कोन?” मी म्हणालो, “इंजिन.” ते म्हणाले, “त्याचं काय? मी रस्ता ऐकून राह्यलो.” इंजिनाला याहून मोठे प्रमाणपत्र मिळेल असे मला वाटत नाही.

जानेवारीत पद्मिनी घाट चढली. सलोन्याच्या वर पाण्याचा काटा मध्यावर स्थिर होता. पत्नीने काही बोलून दाखवले नाही. परंतु नव्या गाड्यांची रंगीत पत्रके रद्दीत गेलेली मी पाहिली.

उन्हाळ्यात पोरगा घरी आला. अमरावतीला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळाले होते. तिथे गाडीचा दोष संगणक सांगतो, आणि बहुधा भाग दुरुस्त करीत नाहीत, काढून नवा बसवतात. पगार मिस्त्री देतात त्याच्या दुप्पट. मिस्त्रींनीच जा म्हणून सांगितले होते. तो थोडा वेळ ओसरीवर बसला आणि मग म्हणाला, “गुरुजी, ती वही देता का?”

मी क्षणभर घुटमळलो. ती एकेचाळीस पाने म्हणजे या इंजिनाचे आमच्याजवळचे एकमेव टिपण. मिस्त्रींचे वय झालेले. उद्या काही बिघडले तर कोणता भाग कुठला, कोणती टोपी कोणत्या बाजूने, हे सांगणारा परतवाड्यात दुसरा कोणी नाही. आणि ज्या ठिकाणी हा पोरगा चालला होता तिथे या वहीचा कवडीचा उपयोग नव्हता. घरात म्हातारे माणूस आहे, ही पत्नीची गोष्ट आठवली. पण वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझ्याकडे चित्रकलेची वही मागितली नव्हती. मी आतून वही आणून त्याच्या हातात दिली.

पद्मिनी अजून धावते. टॅपेटचा आवाज जरा वाढला की मी बेरीज पाच करून पाहतो आणि फार धाडस न करता मिस्त्रींकडे नेतो. ते स्टुलावर बसून मान हलवतात, आता पाना मी धरतो. जमते हळूहळू.

पोळ्याच्या सुमारास पोरग्याचा फोन आला होता. मागे वर्कशॉपचा गलका होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. “गुरुजी, इथल्या गाडीले तीनच पिस्टन हायेत! पाचाची बेरीज नाई चालत इथं.”

“मग कसे करतोस?”

“करतो ना. आपल्या वहीत मांगची पानं कोरी हायेत अजून. त्याच्यात काढून राह्यलो.”